कंपनीले पाहू दे!

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. कारंजा लाडमधल्या आमच्या गल्लीपर्यंत तो निकाल अजून पोचायचा आहे. इथे कुणाच्या घरी कुरिअरवाला आला की खोका उघडायच्या आत समोरच्या काकू दारात हजर. ‘काय मागवलं हो?’ असा साधा प्रश्न. ‘काही नाही, असंच’ म्हणून दार लावून घेतलं तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला खोक्यात काय होतं ते कळतं आणि उरलेल्या अर्ध्या गावाला ते केवढ्याला पडलं ते. मुलगी पाहायला पाहुणे येणार असले तर त्यांची गाडी समृद्धी महामार्गावरून खाली उतरायच्या आधीच नवरदेवाचा पगार पानठेल्यावर चर्चेला आलेला असतो. अशा गावात मी लोकांचा खासगीपणा जपणारा सर्व्हर बसवला. गावानं मला वेड्यात काढलं नाही. वेड्यात काढायलाही आधी प्रकरण समजावं लागतं.

मुळात मला पाऊस पाहायचा होता, बाकी काही नाही. वाशिम जिल्ह्यात जून महिन्यात माणूस दोनच गोष्टी पाहतो, आभाळ आणि मोबाइल. सोयाबीन पेरावं की आणखी चार दिवस थांबावं, हा प्रश्न आमच्याकडे मुलाच्या लग्नाहून गंभीर. पूर्वी यासाठी रेडिओ होता, वर्तमानपत्र होतं. आता हवामान खात्याचा ताजा इशारा, रेल्वेची उशिराची खबर, कुठला रस्ता बंद, कुठली परीक्षा पुढे ढकलली, हे सगळं चटकन कुठे येतं, तर एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर. आणि ३० जून २०२३ च्या सुमारास एलॉन मस्क यांनी त्याला कुलूप लावलं. खातं असेल तर पाहा, नसेल तर चालू लागा. दुसऱ्याच दिवशी खातं असलेल्यांनाही रेशन लागू झालं, साध्या खातेदाराला दिवसाला सहाशे नोंदी. पुढे कुलूप थोडं किलकिलं झालं, पण तेही कसं? खातं नसलेल्या माणसानं एखाद्याचं पान उघडलं की ताज्या नोंदींऐवजी जुन्या, गाजलेल्या नोंदी वर येतात. शेतकऱ्याला आजचा पाऊस हवा असतो, तीन वर्षांपूर्वी गाजलेला नव्हे.

‘मग खातं काढा की,’ असं सगळेच म्हणाले. खातं काढायचं म्हणजे मोबाइल नंबर द्यायचा, जन्मतारीख द्यायची आणि मग ढग बघायला गेलेल्या माणसानं दिवसभर दिल्लीतल्या दोन अनोळखी माणसांचं भांडण वाचत बसायचं. भांडण ऐकायला आम्हाला खातं लागत नाही, खिडकी उघडली की पुरे.

तोडगा काढला भाच्यानं. तो अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. त्यामुळे घरातला टीव्ही, गिझर, पंप आणि मामीचा फोन यांपैकी काहीही बिघडलं तरी जबाबदारी त्याच्यावर असते, मग त्याची शाखा कोणतीही असो. तो म्हणाला, ‘‘मामा, आपण आपला फ्रंट एंड टाकू. घरच्या घरी.’’

फ्रंट एंड म्हणजे काय, ते त्यानं मला जेवताना समजावलं. कंपनीच्या संकेतस्थळावर आपण जायचंच नाही. आपला सर्व्हर जातो, तिथल्या सार्वजनिक नोंदी उचलून आणतो, जाहिराती आणि पाळत ठेवणारी जावास्क्रिप्ट गाळतो आणि साधं, कोरडं पान आपल्यापुढे ठेवतो. कंपनीला सर्व्हर दिसतो, आपण दिसत नाही. ट्विटरसाठी असं काम करतो त्याचं नाव निटर. तो २०१९ पासूनचा. यूट्यूबसाठी त्याच्याही आधीचा इन्व्हिडियस, ज्याच्यावरून निटरला स्फूर्ती मिळाली. रेडिटसाठी लिब्रेडिट होता. इन्स्टाग्रामसाठी बिब्लिओग्राम होता, तो करणाऱ्यानं दमून २०२२ मध्ये बंद केला. निटर निम नावाच्या भाषेत लिहिलाय, इन्व्हिडियस क्रिस्टलमध्ये, लिब्रेडिट रस्टमध्ये. यांतली एकही भाषा भाच्याच्या अभ्यासक्रमात नाही, पण तो म्हणाला, ‘‘मामा, आपल्याले लिहाचं थोडीच हाय? फक्त चालवाचं हाय.’’ निटरच्या माहितीपत्रात एक हिशेब दिलाय. त्यांनी नमुन्याला घेतलेलं पान ट्विटरवरून ७८४ केबी उतरतं, तेच निटरवरून ६० केबी. बाकीचं सगळं काय असेल याचा विचार करत मी भाकर संपवली.

हे सगळं फुकट, वर मूळ कोडही उघडं. निटर करणारा झेडियस या नावानं वावरतो. शेजारचे रिटायर्ड गुरुजी हे ऐकून अस्वस्थ झाले. ‘‘आडनाव काय त्यायचं? कुठचे थे?’’ मी म्हटलं, माहीत नाही. ‘‘मंग तू त्यायचं सामान घरात कसं ठेवून रायला?’’ आमच्याकडे घरी पाणी प्यायला आलेल्या माणसालाही ‘तुम्ही कुठचे’ विचारल्याशिवाय पेला देत नाहीत. गुरुजींचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

सर्व्हर म्हणून निवड झाली एका जुन्या लॅपटॉपची. पडदा फुटलेला, पण बॅटरी शाबूत. भाच्याच्या मते पडदा फुटलेला लॅपटॉप हा खरा आदर्श सर्व्हर. घरातलं कुणी त्यावर सिनेमा पाहणार नाही आणि लाइन गेली तरी चालू राहील. तो चालू राहिला. राऊटर बंद पडला. मग राऊटर इन्व्हर्टरवर आला, इन्व्हर्टरवरून देवघरातला दिवा खाली उतरला आणि आमच्या घरात या प्रकल्पाला पहिला विरोधी पक्ष मिळाला.

लिनक्स चढलं, डॉकर चढलं, रेडिस चढलं. फडताळात लोणच्याच्या बरण्यांशेजारी निटर चालू झाला आणि घरातल्या घरात छान दिसूही लागला. बाहेरून मात्र काही केल्या उघडेना. याचं कारण मला फार आवडलं. जगात आयपीच्या जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत जेमतेम ४३० कोटी आणि ते केव्हाच वाटून संपले. म्हणून इंटरनेटवाले एकाच पत्त्यावर ढीगभर गिऱ्हाइकं कोंबतात. आम्ही बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरच्याला आमचं दार सापडत नाही. आमच्या भागात इंटरनेट देणाऱ्या पोराला मी स्वतंत्र पत्ता मागितला. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘‘काका, पब्लिक आयपी तुमाले कायले पायजे?’’ मी खरं कारण सांगितलं, पावसासाठी. त्या क्षणापासून गावात माझ्याविषयी वेगळं बोललं जाऊ लागलं.

शेवटी भाच्यानं मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर महिन्याच्या भाड्यानं घेतला आणि तिथून आमच्या फडताळापर्यंत गुप्त बोगदा काढला. म्हणजे घरचा सर्व्हर बाहेरून दिसावा म्हणून परका सर्व्हर भाड्यानं. यालाच ‘सेल्फ होस्टिंग’ म्हणतात. मग संकेतस्थळाचं नाव विकत घेतलं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण. मग सुरक्षिततेचं प्रमाणपत्र. ते फुकट मिळतं, पण ९० दिवसांत शिळं होतं आणि सर्व्हरनं आपणहून नवं मागून घ्यावं लागतं. ज्या जिल्ह्यात आम्ही राहतो तिथे वाकाटकांची वत्सगुल्म शाखा राज्य करून गेली. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला वाशिम ताम्रपट आजही वाचता येतो. त्याला ना नूतनीकरण, ना पासवर्ड, ना बॅकअप.

एप्रिलपर्यंत सगळं ठीक होतं. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४४ च्या आसपास फिरू लागला की माणूस, जनावर आणि यंत्र तिघांची कुवत कळते. लॅपटॉपचा पंखा आधी घुं घुं करायचा, मग किंचाळायचा. कुणीतरी धूळ बसू नये म्हणून त्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता, तो काढला तेव्हा खालून गरम इस्त्रीचा वास आला. भाच्यानं फोनवर तापमान पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मामा, त्याले कूलरसमोर ठेवा.’’ आमच्याकडे कूलर एक. त्याच्या पुढ्यात उन्हाळाभर कोण झोपणार याची वाटणी ज्येष्ठतेप्रमाणे पूर्वापार ठरलेली. मी लॅपटॉप उचलून तिथे ठेवला. बायको काही बोलली नाही. तिनं शांतपणे आपली सतरंजी उचलली, फडताळासमोर अंथरली आणि म्हणाली, ‘‘मी लोणच्याजवळ झोपते. तुमचा पाऊस आला की उठवा.’’ रात्री कूलरचं पाणी संपलं तेव्हा भरायला कोण उठलं हे सांगायची गरज नाही.

पण यंत्राचा त्रास हा खरा त्रास नव्हेच. खरी गंमत पुढेच आहे. या फ्रंट एंडवाल्यांचं सगळं आयुष्य ज्या कंपनीपासून लपायचं तिच्याच मर्जीवर चाललेलं असतं. २०२३ च्या कुलपानंतर निटरनं पाहुण्या खात्यांची एक फट शोधली होती. ती जानेवारी २०२४ मध्ये बुजली आणि पुढच्याच महिन्यात करणाऱ्यानं निटर संपल्याचं जाहीर केलं. पुढे तो पुन्हा उभा राहिला, पण कशावर? खऱ्याखुऱ्या खात्यांवर. म्हणजे वाचणाऱ्याला खातं लागू नये म्हणून चालवणाऱ्यानं खातं काढायचं, ते सर्व्हरला जोडायचं, आणि कंपनीला संशय येऊन ते गेलं की दुसरं काढायचं. मी फोन नंबर द्यायचा नाही म्हणून हा उद्योग आरंभला होता. या उद्योगापायी माझा नंबर लागला, बायकोचा लागला, भाच्याचा लागला आणि शेवटी, त्यांना न सांगता, गुरुजींचाही. ‘‘हा ओटीपी कायचा आला रे?’’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पावसाचा.

यूट्यूबवाल्यांनी तर जून २०२३ मध्ये इन्व्हिडियसच्या मंडळींना पत्रच धाडलं की तुम्ही आमच्या एपीआयच्या अटी मोडता, सात दिवसांत दुकान बंद करा. मंडळींचं म्हणणं असं की आम्ही तुमची एपीआय वापरतच नाही आणि तुमच्या अटींवर आम्ही कधी सहीही केली नाही, मग मोडणार काय? बांधाच्या भांडणात आमच्या तालुक्यात नेमकी हीच भाषा चालते, म्हणून मला ती मंडळी एकदम घरची वाटली. पत्र येऊन गेलं, इन्व्हिडियस चालू आहे. मात्र यूट्यूबनं पत्रापेक्षा जालीम उपाय पुढे काढला. डेटा सेंटरच्या पत्त्यावरून कुणी आलं की ‘तू यंत्र नाहीस हे सिद्ध कर’ म्हणून दार अडवायचं. सर्व्हर यंत्रच असल्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही.

हे सगळं कारंज्याच्या माणसाला नवं वाटू नये. आमच्या गावावरून शकुंतला नावाची रेल्वे जायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फुटी रूळ. इंग्रजी अमदानीत किलिक-निक्सनवाल्यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी टाकलेली लाइन. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात ही तेवढी राहून गेली. पुढे वर्षानुवर्षं गाडी सरकार चालवायचं, बसायचे आम्ही, गार्डच खाली उतरून तिकिटं फाडायचा आणि रूळ मात्र खासगी कंपनीचे. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. आता लाइन बंद आहे आणि ती सुरू व्हावी म्हणून लोक अर्ज करत असतात. डबा आपला, गर्दी आपली, गप्पा आपल्या आणि रूळ दुसऱ्याचे, याची सवय आम्हाला शंभर वर्षांची आहे. फरक एवढाच की शकुंतलेनं कुणाची जन्मतारीख विचारली नाही.

आता मुद्द्याचं. एके दिवशी भाच्यानं चहा पिता पिता सहज सांगितलं की हा सर्व्हर आपण एकट्यानं वापरला तर त्याचा उपयोग जवळपास शून्य. मी कप खाली ठेवला. तो म्हणाला, बरोबरच आहे मामा, त्या सर्व्हरवरून फक्त तुम्हीच पाहता, मग सर्व्हर काय पाहतो हे कळलं की तुम्ही काय पाहता हे कळलंच. अख्ख्या गल्लीत एकटा माणूस तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला तर तो कोण हे ओळखायला चेहरा लागत नाही. गर्दी पाहिजे. सगळ्यांनी रुमाल बांधले पाहिजेत.

म्हणून मी पत्ता सार्वजनिक केला. गर्दी झाली, पण ती माणसांची नव्हती. सिंगापूर, फ्रँकफर्ट, व्हर्जिनिया, कुठून कुठून यंत्रं आली आणि रात्रंदिवस पानं ओरपू लागली. कृत्रिम बुद्धिमत्तेला खाद्य लागतं म्हणे, आणि ते गोळा करणारे हे बॉट. कूलरसमोरचा लॅपटॉप पुन्हा किंचाळू लागला. यावर जगभरच्या छोट्या सर्व्हरवाल्यांनी एक पहारेकरी नेमलाय, त्याचं नाव अनुबिस. २०२५ च्या सुरुवातीला आला. तो येणाऱ्याच्या ब्राउझरला आधी एक गणित घालतो. एका माणसाला ते क्षणभराचं काम, पण लाखो पानं ओरपणाऱ्याला महाग पडतं. गणित सुटेपर्यंत पडद्यावर जपानी चित्रकथेत शोभेल अशी एक चिमुरडी दिसते. बॉट बऱ्यापैकी हटले. पण आता गुरुजींनी पावसासाठी पान उघडलं की आधी ती पोरगी येते. ‘‘हे कोण व्हय?’’ मी म्हटलं, राखणदार. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, ‘‘हिच्या मायबापाले ठाव हाय का?’’

पत्ता पुन्हा खासगी केला आणि तो गल्लीतच वाटायचं ठरवलं. मी घरोघरी जाऊन सांगितलं, की बाबांनो, सोयाबीनचा भाव पाहा, डख साहेबांचा पावसाचा अंदाज पाहा, पोहरादेवीची यात्रा पाहा, काहीही पाहा, पण आपल्या सर्व्हरवरून पाहा. जाहिरात नाही, खातं नाही, कंपनीला तुमचं नाव कळणार नाही. लोकांनी ऐकून घेतलं. चहा दिला. समोरच्या काकांनी मात्र एक प्रश्न विचारला आणि तिथेच माझं सगळं शास्त्र संपलं.

‘‘कंपनीले कळत नाही, मानलं. पण सर्व्हर कोणाच्या घरी हाय?’’

‘‘माझ्या.’’

‘‘मंग मी काय पाह्यतो थे तुले दिसते?’’

खरं बोलणं भाग होतं. सर्व्हर चालवणाऱ्याला ठरवलं तर दिसू शकतं, कोण कुठून आला, काय मागितलं. त्याची वही ठेवायची की नाही हे त्याच्या हातात असतं. मी म्हटलं, ‘‘दिसू शकतं काका, पण मी वही बंद ठेवलीय. बघत नाही.’’

‘‘काहून नाही बघत?’’ काका खरोखरच चकित झाले. घरात आयती सोय असताना एखादा माणूस शेजाऱ्याचं बघत नाही, ही कल्पनाच त्यांना पटेना. मग ते जरा पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘हे पाह्य भाऊ. थो अमेरिकेतला कंपनीवाला पाह्यते तर पाहू दे. थ्याले माह्यं नाव ठाव, गाव ठाव, मी रात्री काय पाह्यतो थेही ठाव. पण थो काही माह्या सोयऱ्याले फोन करत नाही. तुह्या बायकोची अन् माह्या बायकोची रोज नळावर भेट होते.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि कुणाकडे असेल असं वाटत नाही. खासगीपणावर लिहिणारे सगळे शहरात राहतात, त्यांना शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. त्यांची भीती दूरच्याची, आमची जवळच्याची. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात दंडाची रक्कम कोटींमध्ये आहे. नळावरच्या गप्पांसाठी त्यात कलम नाही. माझ्या मते तरी काकांचं गणित चुकीचं नाही, अपुरं आहे. कंपनी सोयऱ्याला फोन करत नाही हे खरं. ती फोन करते तो खतवाल्याला, कर्जवाल्याला आणि निवडणुकीत मतं मागणाऱ्याला, आणि काकांना वाटतं की जाहिरात योगायोगानं आली. पण हे त्यांना नळाच्या भीतीसमोर पटवून देणं मला जमलेलं नाही.

सध्या सर्व्हर चालू आहे. गुरुजी वापरतात, कारण त्यांना जाहिरातींचा राग आहे आणि लपवण्यासारखं काही नाही. भाचा अमरावतीहून वापरतो. बायको वापरत नाही, तिला मी काय पाहतो हे सर्व्हरशिवायही कळतं. अधूनमधून एखादं खातं जातं, मग कुणाच्या तरी फोनवर पावसाचा ओटीपी येतो.

जाता जाता वाशिमच्या कलेक्टर ऑफिसपासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत सगळ्या साहेबलोकांना एकच विनंती. पाऊस, परीक्षा, पीकविमा, बंद रस्ते यांच्या सूचना एक्सवर टाका, फेसबुकवर टाका, कुठेही टाका. पण त्याच वेळी आपल्या सरकारी संकेतस्थळावर, तारीख घालून, साध्या पानावर, मराठीतही टाका, म्हणजे माणसाला खातं न काढता वाचता येतील. एवढं झालं की आमचा लॅपटॉप मी त्याच दिवशी भंगारवाल्याला देतो आणि कूलर त्याच्या हक्काच्या मालकिणीला.